मूळ रंग कोणता?

जुन्या मोटारींचा शौक असलेल्या मंडळींत एक प्रश्न हटकून विचारला जातो : "रंग ओरिजिनल आहे का?" इंजिन, टायर, गाद्या यांची चौकशी नंतर. हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो, आणि काही अंशी तो असतोही. गाडी कारखान्यातून ज्या रंगात बाहेर पडली त्याच रंगात ती आज उभी असेल, तर तिचे मोल वाढते. परंतु ज्याने एम. ए.ला पाठचिकित्सा थोडीफार तरी मन लावून अभ्यासली आहे त्याला या प्रश्नात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. 'मूळ संहिता कोणती?' हाच तो प्रश्न. भूर्जपत्राच्या जागी येथे नुसता पत्रा आहे, इतकेच.

या विषयाकडे मी वळले ती गरजेपोटी. वडिलांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट गेली दोन वर्षे मी दुरुस्त करून घेते आहे. वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. १९७९ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली तेव्हा ती फिकट राखाडी होती. १९८३ साली ती हिरवी झाली आणि पुढे शेवटपर्यंत हिरवीच राहिली. आमच्या पंचक्रोशीत 'डॉक्टरांची हिरवी गाडी' एवढे सांगितले की पुरे होई. रात्रीअपरात्री ती एखाद्या वाडीकडे वळताना दिसली की कोणाच्या तरी घरी आजारपण आहे हे लोकांना कळत असे. आता जाणकार सांगतात, "हिरवा खरवडून काढा आणि मूळचा राखाडी द्या. तरच ती खरी क्लासिक." सल्ला प्रामाणिक आहे. पण 'मूळचा' या शब्दापाशी मी अडखळले, आणि हा लेख त्या अडखळण्यातून निघाला आहे.

आधी या गाडीच्या कुळाविषयी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. जहाजबांधणी आणि विमानाचा कारखाना यांच्यामागे लागलेला हा माणूस मोटारीच्या मागे लागला नसता तरच नवल. मोटार येथे घडवावी हा आग्रह विश्वेश्वरय्यांनी तिसाच्या दशकातच धरला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या क्रायसलरशी झालेल्या करारानुसार सुटे भाग जोडून केलेल्या होत्या. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. परंतु केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना येथे यापुढे जागा नाही, असे सरकारी धोरण १९५३ च्या सुमारास ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथून गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंद गेले. मागे उरलेल्या मोकळ्या मैदानात फियाट ११०० ही गाडी मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरली.

तिच्या पहिल्या घाटाला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढे आलेले तोंड आणि गोलसर पाठ पाहिली की हे नाव ठेवणाऱ्याच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावीशी वाटते. १९६४ साली चौकोनी बांध्याची 'डिलाइट' आली. सत्तरीच्या दशकात तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, आणि नंबर लावल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहण्याची शिक्षा. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची पद्मिनी टॅक्सी इतकी दिसे की रंग हेच तिचे नाव झाले : काळी-पिवळी. त्यांतील शेवटची नोंदली गेलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून जे मृत्युलेखसदृश मजकूर आले त्यांत यंत्राविषयी थोडे आणि रंगाविषयी पुष्कळ होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता रंगाचा इतिहास. मोटारीला 'स्वतःचा' रंग असतो ही समजूत मोटारीइतकी जुनी नाही. सुरुवातीचे रंगकाम घोडागाडीच्या परंपरेतले होते. तेलाचा रंग आणि वार्निश यांचे हात ब्रशने एकावर एक चढवायचे, प्रत्येक हात सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. यात आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्डची टी मॉडेल गाडी १९०८ साली निघाली. सुरुवातीच्या वर्षांत ती राखाडी, हिरवी, तांबडी अशा रंगांत मिळत असे. तिचा तो प्रसिद्ध काळा रंग हा नंतरचा, म्हणजे १९१४ ते १९२५ या काळातला. गाड्या साखळीवरून धडाधड उतरू लागल्यावर स्वस्त, टिकाऊ आणि सगळ्यांना एकच असा रंग सोयीचा ठरला. म्हणजे 'फोर्ड मूळची काळी' हा लोकसमज हाच मुळात एक प्रक्षेप आहे!

हे चित्र बदलले ते १९२३ साली. ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून 'ड्यूको' नावाचा रंग तयार केला आणि जनरल मोटर्सने तो प्रथम आपल्या ओकलंड गाडीला निळ्या छटेत दिला. बंदुकीची दारू आणि सिनेमाची फिल्म यांच्याशी या रंगाचे रासायनिक सख्खे नाते. तो पिचकारीने फवारता येई आणि आठवड्यांचे काम तासांवर येई. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' असा स्वतंत्र विभागच काढला. रंग ही आता गिऱ्हाइकाची निवड झाली आणि दर वर्षी बदलणारी फॅशनही. आपल्याकडे 'ड्यूको' हा शब्द इतका रुळला की सुतारमिस्त्री आजही कपाटाला 'ड्यूको मारू का?' असे विचारतो. सांगायचे ते असे की 'मूळ रंग' ही कल्पना अर्थपूर्ण झाली ती रंग बदलता येऊ लागला तेव्हा. पर्याय नसेल तेथे मूळ कशाला म्हणायचे?

मूळ रंग शोधण्याची रीत मात्र विलक्षण आहे, आणि पाठचिकित्सकाला ती घरची वाटावी. डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, स्टेपनीखाली, म्हणजे जेथे पुढच्या रंगाऱ्याचा हात पोचलेला नसतो तेथे पाहायचे. मग बाहेरच्या एखाद्या बेताच्या जागी पाण्याने भिजवून बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरवायचा. झाडाच्या खोडावर दिसावीत तशी एकात एक वलये उमटतात. आमच्या बॉनेटवर ती उमटली तेव्हा मी कॉलेजचा तास विसरून पाहत राहिले. सगळ्यांत बाहेर हिरवा, मग प्रायमरची कड, मग राखाडी, त्याखाली तांबूस रेड ऑक्साइड आणि मधोमध रुपयाएवढा पत्रा. चार ओळींत सोळा वर्षे.

आणि येथेच पहिली अडचण उभी राहिली. डॅशबोर्डखालचा राखाडी आणि बॉनेटवरचा राखाडी एक नव्हते. खालच्याने कधी ऊन पाहिले नव्हते. वरचा हिरव्याखाली झाकला जाण्यापूर्वी सोळा उन्हाळे तापला होता. यांतला मूळ कोणता? कारखान्याने दिलेला म्हणाल, तर तो डॅशबोर्डखालचा. पण तो रस्त्यावर कोणालाच दिसला नाही. लोकांनी पाहिलेला म्हणाल, तर तो विटलेला.

जीर्णोद्धाराच्या क्षेत्रात हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक यांचे म्हणणे असे की वास्तू पूर्णत्वाला न्यावी, मग ते पूर्णत्व प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसले तरी चालेल. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ सालीच जीर्णोद्धाराला विध्वंसाचा सर्वांत वाईट प्रकार ठरवून टाकले होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला : जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, नवे जोडलेले नवे म्हणून ओळखू आले पाहिजे, आणि प्रत्येक काळाने घातलेली भर आदराने वागवली पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये तुरीनची सनद स्वीकारली ती याच धर्तीवर. तिचाही भर वाहन नवेकोरे दिसावे यावर नसून त्याचा इतिहास टिकावा यावर आहे. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले, त्यांतही गाडी 'मूळ स्वरूपात' असावी अशी अट आहे. आमच्या आरसी बुकात मात्र रंगाच्या रकान्यात आधीचा शब्द खोडून वर शाईने 'ग्रीन' लिहिलेले आहे, शेजारी शिक्का आणि सही. सरकारदरबारीसुद्धा पाठभेद मान्य झालेला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन उदाहरणे सहज आठवतील. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत वि. सी. सुखठणकर यांनी स्पष्ट केले होते की हे व्यासांचे मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येईल असे हे जुन्यात जुने रूप आहे. आणि वर आलेले सारे प्रक्षेप त्यांनी फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. ज्ञानदेवांच्या हातची प्रत आपल्यापाशी नाही. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि तिच्यावर वाद झडले, तरी वारकऱ्याच्या तोंडी रुळलेली ज्ञानेश्वरी एकनाथांच्या हाताखालून गेलेलीच आहे. तिला कोणी 'मूळ नाही' म्हणून बाजूस सारत नाही. पाश्चात्त्य पाठचिकित्सेतही जेरोम मॅकगन यांनी १९८३ साली असाच मुद्दा मांडला : संहिता लेखकाच्या एकट्या हेतूत नसते, ती छापणारे, वाचणारे, वापरणारे यांच्या व्यवहारात घडते.

याचा अर्थ सारे रंग सारखेच, असा मात्र नव्हे. तसे म्हटले की चिकित्साच संपते. गेल्या वर्षी एका रंगाऱ्याने मला न विचारता रंग काढायचे औषध लावून डावीकडचे पुढचे दार थेट पत्र्यापर्यंत उघडे केले. त्याच्या मते तो माझे काम सोपे करत होता. त्या दारावर आता राखाडी नाही आणि हिरवाही नाही. वडिलांचा हात रात्री ज्या जागी पडून रंग झिजला होता ती जागाही नाही. एखाद्या पोथीचे पान कोणी धुऊन कोरे करून आणून द्यावे, तसे झाले. मी त्याच्याशी भांडले नाही. माझाच निर्णय झालेला नव्हता, त्याला काय सांगणार होते?

हिरव्या रंगाभोवती माझ्या मनात एक कथा तयार झाली होती : राखाडी गाडी संध्याकाळच्या धुळीत दिसत नाही म्हणून वडिलांनी हिरवा निवडला असणार. आईला विचारले. ती म्हणाली, "कसली निवड? पत्रा उघडा पडत चालला होता, रंग द्यायलाच हवा होता. दुकानात अख्ख्या गाडीला पुरेल एवढा एकच रंग शिल्लक होता. ह्यांना तर तो मुळीच आवडला नव्हता."

मी हसले, आणि मग जरा वेळ गप्प झाले. म्हणजे लेखकाचा हेतू शोधत मी ज्या पाठापर्यंत पोचले, त्यामागे हेतू नव्हताच, टंचाई होती. तरीही तो रंग खोटा ठरत नाही. न आवडलेला रंग चढवून ते बत्तीस वर्षे लोकांच्या दारी गेले आणि लोकांनी त्या रंगाला अर्थ दिला. कारखान्याचा राखाडी हा गाडीचा जन्म. हिरवा हे तिचे आयुष्य. बाजार जन्माला किंमत देतो, हे त्याच्या दृष्टीने ठीकच आहे.

शेवटी असे ठरवले. हिरवा ठेवायचा, जेथे पोपडे सुटले आहेत तेवढ्याच जागा भरायच्या. कोऱ्या दाराला जुळता हिरवा द्यायचा, पण त्याच्या आतल्या कडेवर वर्ष लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या कोणाची फसगत होणार नाही. बॉनेटवर उमटलेली ती वलये मात्र बुजवायची नाहीत. त्यांवर फक्त पारदर्शक लॅकर मारायचे. मिस्त्रींनी विचारले, "बाई, एवढी गाडी नीट केली आणि समोरच हा डाग ठेवणार?"

त्यांना मी म्हटले, "डाग नाही हो, तळटीप आहे." त्यांनी मान डोलावली. त्यांना पटले की नाही, कोण जाणे; पण त्या जागेला त्यांनी पुट्टी लावली नाही.