पोप फ्रान्सिस आणि समलिंगी विवाहाचा प्रश्न

सन २०१० च्या जून महिन्यांत अर्जेन्टिना देशाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथें मोठा वाद माजला होता. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना परस्परांशीं विवाह करण्याचा हक्क देणारें विधेयक कनिष्ठ सभागृहांत संमत होऊन वरिष्ठ सभागृहापुढें आलें होतें. त्या नगरीचे आर्चबिशप कार्डिनल होर्हे मारिओ बेर्गोलिओ यांनीं कार्मेलाइट मठांतील भगिनींना पत्र लिहून प्रार्थनेची विनंति केली. हा केवळ राजकीय झगडा नव्हे, ईश्वरी योजना मोडण्याचा हा घाट असून त्यामागें असत्याचा जनक जो सैतान त्याची चाल आहे, असा पत्राचा आशय होता. ही भाषा मध्ययुगाची आठवण करून देणारी आहे, असें राष्ट्राध्यक्षा क्रिस्तिना फर्नांदेझ यांनीं उत्तर दिलें. १५ जुलै रोजीं ३३ विरुद्ध २७ मतांनीं विधेयक संमत झालें.

परंतु या कथेला दुसरी बाजूहि आहे. त्यांचे चरित्रकार सर्जिओ रुबिन सांगतात कीं, विवाहास विरोध कायम ठेवून अशा जोडप्यांच्या सहजीवनास नागरी कायद्याचें संरक्षण द्यावें, असें बेर्गोलिओ यांनीं त्याच वेळीं बिशपांच्या अंतर्गत बैठकींत सुचविलें होतें. बिशपांनीं तें मानलें नाहीं. हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील घटनांचा उलगडा होतो. हिंदु धर्मशास्त्रांत विवाह जसा सोळा संस्कारांपैकीं एक, तसा रोमन कॅथलिक पंथांत तो सात संस्कारांपैकीं एक आहे. तो स्त्रीपुरुषांचाच, हें मत बेर्गोलिओ यांनीं कधींच सोडलें नाहीं. राज्याचा कायदा आणि प्रत्यक्ष मनुष्य यांविषयीं मात्र त्यांची वाणी बदलत गेली.

१३ मार्च २०१३ रोजीं ते पोप झाले व त्यांनीं फ्रान्सिस हें नांव घेतलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें ब्राझीलहून परततांना विमानांत वार्ताहरांशीं बोलतांना ते म्हणाले कीं, समलिंगी मनुष्य ईश्वराचा शोध घेत असेल व त्याची वृत्ति चांगली असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण? हे उद्गार जगभर गाजले. तथापि २०१६ सालीं कुटुंबजीवनावर काढलेल्या पत्रांत, अशा संबंधांचें ईश्वरप्रणीत विवाहाशीं दूरचेंहि साम्य नाहीं, असें त्यांनीं निक्षून लिहिलें.

२०२० च्या ऑक्टोबरांत त्यांच्यावरील एक चित्रपट रोम येथें दाखविण्यांत आला. अशा जोडप्यांकरितां नागरी कायदा असावा, हें त्यांचें मत त्यांतून प्रथमच सर्वांच्या कानीं पडलें. पांच महिन्यांनींच धर्मपीठाच्या सिद्धान्तविभागानें त्यांच्या अनुमतीनें जाहीर केलें कीं, चर्च अशा संबंधांस आशीर्वाद देऊं शकत नाहीं. आशेनें पाहणारे निराश झाले. जानेवारी २०२३ मध्यें मात्र त्यांनीं समलिंगी असणें हा गुन्हा नव्हे, व तसें ठरविणारे कायदे अन्यायाचे आहेत, असें स्पष्ट सांगितलें. ज्या देशांत या कारणास्तव मनुष्यास तुरुंगांत घालतात, तेथें या शब्दांचें मोल तत्त्वचर्चेहून फार मोठें होतें.

१८ डिसेंबर २०२३ च्या घोषणापत्रानें पाद्र्यांना अशा जोडप्यांस साधा आशीर्वाद देण्याची मुभा मिळाली. विवाहविधीचें रूप मात्र त्यास येतां कामा नये, अशी अट होती. अल्पावधींतच आफ्रिकेंतील बिशपांनीं किन्शासाचे कार्डिनल आम्बोंगो यांच्या मुखें आपला नकार कळविला. उलट, आशीर्वाद आहे पण विवाह नाहीं, हें अर्धेंच औदार्य होय, अशी दुसऱ्या पक्षाची तक्रार राहिली. मे २०२४ मध्यें इटलीच्या बिशपांच्या बैठकींत त्यांनीं समलिंगी व्यक्तींविषयीं हीन शब्द वापरल्याचें प्रसिद्ध झालें, व धर्मपीठास क्षमा मागावी लागली.

२१ एप्रिल २०२५ रोजीं फ्रान्सिस निवर्तले. सिद्धान्ताचा एकहि शब्द त्यांनीं बदलला नाहीं, आणि तरीहि २०१० च्या पत्रांतील सैतानाचा उल्लेख त्यांच्या उत्तरकालीन भाषेंत शोभला नसता. कायद्यापुढें हरलेला आर्चबिशप, पुढें ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांनाच गुन्हेगार मानूं नका असें जगास सांगूं लागला. ही प्रगति म्हणावी कीं तडजोड, याचा निर्णय दोन्ही पक्ष आपापल्या परीनें करीत आहेत.