खंबाटकी, रात्री ७:५२

डिसेंबर २००६. रात्री ७ वाजून ५२ मिनिटांनी खंबाटकी घाटात आमच्या प्रीमियर पद्मिनीने पेट घेतला. गाडी १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात तिला सगळे फियाटच म्हणत. आई, बाबा आणि मी, तिघंही वेळेत बाहेर पडलो. पुढचा हिशेब गाडीचा आहे.

आदला दिवस, सकाळी ११:००. पुण्यातलं गॅरेज. नव्या रंगाचे १८,००० रुपये बाबांनी मोजून दिले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून एक वायर बोटाने वाकवली. तिच्यावरचं प्लास्टिक तडकून खाली पडलं. "साहेब, पूर्ण वायरिंग बदलून टाका. ३,२००त होईल." बाबा म्हणाले, "पाडव्यानंतर बघू." रंग चारचौघांना दिसतो, वायरिंग कुणालाच दिसत नाही. त्या दोन दिवसांत जे जे ठरलं, त्यात मला हाच निर्णय सर्वांत जड वाटतो.

दुपारी १२:३०. मूळचे ४५ वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे हॅलोजन बसवले. रात्री घाट चढायचा होता. रिलेचे ३५० रुपये वेगळे पडत होते, ते वाचवले. रिले असता तर दिव्यांचा प्रवाह बॅटरीतून नव्या जाड वायरने गेला असता. आता तो अठ्ठावीस वर्षांच्या वायरीतून जाणार होता. फ्यूजचा एक कप्पा गंजलेला, म्हणून दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर घेतले. २०० वॅट, १२ व्होल्ट: साडेसोळा अँपिअर. फ्यूज १६चा. फ्यूज आणि बटणाच्या मधे वायर तोकडी पडली, तिथे तुकडा जोडला. पीळ दिला, वर काळी टेप. डाख (सोल्डर) दिला नाही.

दुसरा दिवस, संध्याकाळी ५:१०. वाईला मामेबहिणीची हळद. रुखवताचे डबे डिकीत मावेनात, म्हणून एक किलोचं अग्निशामक नळकांडं काढून जिन्याखाली ठेवलं. पान्यांची पिशवी डब्यांच्या तळाशी गेली.

६:२०. कात्रज मागे पडलं. दिवे लावले.

६:४५. चहाला थांबलो. नवे हॅलोजन, तरी उजेड पिवळट. मी फडक्याने काचा पुसल्या. काचा स्वच्छच होत्या. पिळाच्या जोडात व्होल्ट गळत होते. तिथे नुसता ०.१ ओहमचा रोध असला, तरी साडेसोळा अँपिअरला २७ वॅट उष्णता होते. डाख द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

७:०४. शिरवळ. दोन्ही दिवे एकदम गेले. फ्यूज उडाला होता. जवळ एक लाल फ्यूज जादा होता, तो बसवला.

७:२१. तोही उडाला. इंडिकेटर लावून खंडाळ्यापर्यंत आलो. स्पेअर पार्टचं दुकान बंद. शेजारी पानटपरी उघडी होती. टपरीवाल्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून दिली, सगळे असंच करतात म्हणाला. उडालेल्या फ्यूजवर ती मी गुंडाळली. दोन पदर. बाबांनी टॉर्च धरला होता.

७:३३. दिवे लागले. आम्ही निघालो.

७:४०. घाट सुरू. दुसरा गिअर.

७:४६. आई म्हणाली, "काहीतरी जळतंय." पुढे उसाचा ट्रक रखडत चढत होता. बाबा म्हणाले, "त्याची क्लचप्लेट असेल." ते अगदी पटण्यासारखं होतं.

७:४९. दिवे लुकलुकले. जोडाजवळचं प्लास्टिक वितळून उघडी तार पत्र्याला टेकत होती. इथे फ्यूज उडायला हवा होता.

७:५०. डॅशबोर्डखालून धूर.

७:५१. बाबांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, किल्ली काढली. इंजिन थांबलं. दिव्यांची वायर किल्लीतून येत नव्हती, बटण जोडाच्या पुढे होतं. तार तापतच राहिली. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला १० नंबरचा पाना हवा होता. मी डिकीतून डबे उपसू लागलो. तीन डबे काढले.

७:५२. पंपातून कार्ब्युरेटरला जाणारी रबरी नळी पेटली. पेट्रोलचा वास त्या नळीला आठवडाभर येत होता. बाबांनी बॉनेट उचललं. आत हवा शिरली आणि ज्वाळा काचेपर्यंत आली. आईने त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं.

७:५८. ट्रकचालक माती घेऊन धावले. टायर पेटले होते.

८:४०. बंब आला. तोवर रंगाचा पत्ता नव्हता. कार्ब्युरेटर वितळून मॅनिफोल्डवर थिजला होता.

१०:१५. मामाकडे पोचलो. हळद उरकली होती. हात धुताना खिशात काहीतरी टोचलं. शिरवळला उडालेला पहिला फ्यूज. त्याची पट्टी मधोमध वितळून तुटली होती, जशी तुटायला हवी तशीच.