दावण

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात बैल कासऱ्याने चालतो आणि दाव्याने थांबतो. कासरा हातात, दावं खुंट्याला. या दाव्याचं मूळ संस्कृत ‘दामन्’, म्हणजे दोरी. यशोदेने ती ज्याच्या उदराला बांधली, तो दामोदर. ‘ग्राम’चं गाव झालं, ‘नाम’चं नाव, तसंच ‘दाम’चं दावं. म्हणजे पिंपळगावातलं ‘गाव’ आणि तिथल्या गोठ्यातलं दावं एकाच वाटेने मराठीत आली! गुरं ओळीने बांधली की ती दावण.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशी दावण समुद्रावर गेली. युरोपातले गोठे ओस पडले होते. नांगराला घोडा नव्हता, लेकरांना दूध नव्हतं. 1945 ते 1947 या काळात ‘उनरा’ या मदत संस्थेने अमेरिकेतून घोडे, खेचरं, गाभण कालवडी जहाजांवर चढवून पोलंड, ग्रीसकडे धाडल्या. त्यांच्या देखभालीला सुमारे 7,000 माणसं पुढे आली. भरती ब्रदरेन चर्चच्या सेवा समितीने केली. कोणी शेतकरी, कोणी विद्यार्थी. फेरीचे 150 डॉलर मिळत. पण वादळात डोलणाऱ्या जहाजावर वैरण टाकणं, पाणी दाखवणं, शेण उपसणं, अडलेली गाय सोडवणं यासाठी जीवच लावावा लागतो. गोठा सांभाळणाऱ्याला हे सांगायला नको.

जहाजावरच्या या माणसांना गुराखी म्हणावंसं मला वाटत नाही. गुराखी गुरं सोडतो, रानात नेतो. इथे दावं सुटायचं ते थेट पलीकडच्या बंदरात, आणि कासरा जायचा अनोळखी शेतकऱ्याच्या हाती.