दंडावरचा काटा: लक्षण एक, बग दोन

आज लढाई नाही, किल्ला नाही, तह नाही. आजचा इतिहास आहे दंडाच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला की लागणाऱ्या खरखरीचा. थंडी वाजल्यावर अंगावर काटा येतो ना, तसेच बारीक दाणे; फक्त थंडी गेली तरी हे जात नाहीत. डॉक्टरी नाव केराटोसिस पिलारिस. आमच्या पडघ्यात 'दंड खरखरीत झालेत' एवढंच म्हणतात. कॉलेजच्या मुली 'चिकन स्किन' म्हणतात आणि लग्नाच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत शिवून घेतात. माझी एक मामेबहीण तर मेच्या उकाड्यातसुद्धा लांब बाह्यांतच दिसते. म्हणून विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

आधी आत काय घडतं ते सांगते. नखं ज्या केराटिनची बनतात, तेच केराटिन केसाच्या छिद्राच्या तोंडाशी साठतं आणि तिथे बूच बसतं. ही घाण नाही, संसर्ग नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक वेळा घराण्यात चालत येतं, वयात येताना वाढतं, हिवाळ्यात जास्त जाणवतं आणि पुढे अनेकांचं आपोआप कमी होतं.

पण 'घाण नाही' हे आपल्या घरांना पटायला फार वेळ लागला. आपल्याकडे खरखरीवरचा पहिला उपाय म्हणजे घासणं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्घर्षण म्हणजे अंग घासण्याचे प्रकार दिलेत, त्यात चक्क विटेनं घासणंही आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत उद्वर्तन आहे, म्हणजे आपलं उटणं. त्यानं त्वचा निर्मळ होते असं सांगितलंय. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात राजाच्या स्नानाला स्वतंत्र प्रकरण आहे: आधी तेल, मग ते उतरवायला चूर्णं. दिवाळीच्या पहाटे आपण करतो ते अभ्यंगस्नान आणि हे एकाच कुळातलं. शिवाय आपल्या न्हाणीघरात वज्री होतीच. टाचेसाठी घडवलेली ती वस्तू किती दंडांवर फिरली असेल, कोण मोजणार!

माझं मत विचाराल तर जुन्या पद्धतीतलं खरं शहाणपण घासण्यात नव्हतं, आधी तेल लावण्यात होतं. वज्रीनं दाण्याचं डोकं तुटतं, बूच तसंच राहतं, वर त्वचा चिडते. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही हातावर मग काळे ठिपके उरतात आणि ते मूळ दाण्यांपेक्षा उठून दिसतात.

आमच्या भागात दुसरा उपाय पाण्याचा. पडघ्याहून वज्रेश्वरी फार लांब नाही. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बोललेला नवस फेडायला तिथलं देऊळ बांधलं गेलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. शेजारी अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, गंधकाच्या वासाची. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक आजही तिथे उतरतात. गरम पाण्यानं बूच तात्पुरतं मऊ पडतं, हात गुळगुळीत लागतो. पण खूप वेळ बसलात तर त्वचेचं स्वतःचं तेल निघून जातं आणि दोन दिवसांनी खरखर दुप्पट. देवीला जरूर जा; दंडासाठी मात्र घरी कोमट पाणी बरं.

आता ज्या भागासाठी हा एपिसोड केला तिकडे येते. आम्ही कोड लिहिणारे एक गोष्ट रोज अनुभवतो: स्क्रीनवर एरर एकच दिसतो, पण त्यामागचे बग दोन वेगवेगळे असू शकतात. या दाण्यांचं अगदी तसंच झालं.

१९३१ साली चीनमध्ये फ्रेझियर आणि हू या डॉक्टरांनी सैनिकांच्या अंगावरचे असे दाणे नोंदवले. १९३३ मध्ये युगांडातल्या कैद्यांवर लोवेन्थाल यांनी. त्याच वर्षी सिलोनमध्ये काम करणाऱ्या लुशियस निकोल्स यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लेख लिहून याला नाव दिलं: फ्रायनोडर्मा, म्हणजे बेडकाची कातडी. सैनिक, कैदी. म्हणजे कोण, तर ज्यांच्या ताटात काय पडणार हे दुसरंच कुणी ठरवतं अशी माणसं. या सगळ्यांचा संशय 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर होता.

आपल्या देशात हे काम कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत पुढे गेलं. तिचे संचालक आयक्रॉइड यांनी राजगोपाल यांच्यासोबत १९३६ मध्ये दक्षिण भारतातल्या शाळकरी मुलांच्या पोषणाची पाहणी प्रसिद्ध केली, त्यातही ही बेडूककातडी आहे. पुढे याच प्रयोगशाळेचं संचालकपद वि. ना. पटवर्धनांकडे आलं. १९५८ साली ती हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

मधल्या काळात 'अ' जीवनसत्त्वाची थिअरी डळमळली. वुलिमिरी रामलिंगस्वामी (पुढे एम्सचे संचालक झाले ते) ऑक्सफर्डला ह्यू सिंक्लेअर यांच्याबरोबर उंदरांवर काम करत होते. १९५३ च्या त्यांच्या निबंधानं बोट दाखवलं आवश्यक मेदाम्लांकडे, म्हणजे साध्या भाषेत खाण्यातल्या तेलाकडे. नंतर हैदराबादच्या संशोधनात करडईचं तेल आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वं पुढे आली. करडई! आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं तेल. कित्येक पोरांचा आजार अंगाला चोळायच्या तेलाचा नव्हताच, भाजीत न पडलेल्या तेलाचा होता.

दोन्ही ओळखायचे कसे? केराटोसिस पिलारिस दंडाच्या मागे, मांड्यांवर, लहान मुलांच्या गालांवर. बाकी माणूस ठणठणीत. बेडूककातडीत दाणे मोठे, टोकदार, आणि मुख्यतः कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर. पोर बहुधा हडकुळं. कधी सोबत संध्याकाळी कमी दिसणं. हायवेलगत आमच्याकडे गोदामं कितीही उभी राहिली तरी आजूबाजूला पाडे आहेत, तिथे अंगणवाडीच्या रांगेत उभं राहणारं पोर आहे. त्याच्या कोपरावर असं काही दिसलं तर क्रीम विकत आणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि तो काय जेवतो ते तिथे सांगा.

आता पहिल्या बगचा इलाज. दूध नासवून त्यातलं आम्ल वेगळं काढलं स्वीडनच्या शेले यांनी, १७८० साली. तेच लॅक्टिक आम्ल. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू यांनी दाखवलं की या कुळातली आम्लं खवल्यासारख्या त्वचेचं केराटिन सुटं करतात. त्याआधी १९६८ मध्ये पुन्हा एका स्वीडिश डॉक्टरनं, स्वानबेक यांनी, त्याच आजारावर युरियाचं क्रीम वापरलं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जास्त प्रमाणात असला की केराटिन मऊ करतो. आपल्या त्वचेत तो मुळातच असतो. २००६ मध्ये फिलाग्रिन नावाच्या जनुकातले बिघाड सापडले आणि काही घराण्यांत त्वचा पिढ्यान्‌पिढ्या कोरडी का राहते याचा बराच उलगडा झाला.

मग घरी करायचं काय? कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ, सौम्य साबण. अंग टिपून, ओलसर असतानाच दहा ते वीस टक्के युरियाचं किंवा लॅक्टिक आम्लाचं क्रीम. वज्री, काथ्या, लिंबू-साखर बंद. दही लावलंत तर बिघडणार नाही, पण त्यातलं आम्ल किती, याचा काही नेम नाही. क्रीमचा फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि लावणं सोडलं की दाणे परत येतात. चिरलेल्या त्वचेवर झोंबतं. लहान मूल असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

युरिया म्हटल्यावर आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, कारण भाताच्या हंगामात घराघरांत त्याची गोणी असते. तुर्भ्याच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या आरसीएफमध्ये, १९६५ पासून खत बनतंय. रेणू तोच आहे ना, मग चिमूटभर खोबरेल तेलात घालून लावला तर? माझ्या काकांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. काका, नको. तेलात तो विरघळत नाही, गोणीतल्या मालात बाय्युरेटसारखी अशुद्धी असते, आणि २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियावर निंबोळीच्या तेलाचा लेप असतो. गोणी भाताला, ट्यूब दंडाला.