परदेशातून गावच्या घरी येताना: बंद घरातलं पाणी आणि पोटाचे आजार

दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब माझ्याकडे तपासायला आलं. नवरा-बायको आखातात नोकरीला, मुलगा सहा वर्षांचा. पेठजवळच्या गावात त्यांनी घर बांधलंय, पण वर्षातले दहा महिने ते बंद असतं. आल्यापासून तिसऱ्या दिवशी तिघांनाही जुलाब-उलट्या सुरू झाल्या. "डॉक्टर, आम्ही तर बाटलीचंच पाणी पितोय," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरंही होतं. पण दात घासायला, कोथिंबीर धुवायला आणि मुलाची वॉटरबॅग विसळायला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वापरलं जात होतं. त्या टाकीचं झाकण पावसाळ्यात कधीतरी सरकलं होतं आणि आत पालापाचोळा कुजला होता.

गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात असे रुग्ण दरवर्षी येतात. पिण्याचं पाणी सगळे जपतात, घराच्या पाण्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. म्हणून बंद घर उघडल्यावर काय करायचं, ते या लेखात क्रमाने दिलं आहे.

आई-बाबांना काही होत नाही, मग आम्हालाच का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जे कायम गावात राहतात त्यांचा इथल्या अनेक जंतूंशी लहानपणापासून संबंध आलेला असतो. हेपॅटायटिस ए या काविळीचंच बघा. लहान मुलांमध्ये ती बहुतेक वेळा लक्षणांशिवाय होऊन जाते आणि पुढे आयुष्यभर संरक्षण देते. परदेशात जन्मलेल्या मुलांना हे संरक्षण नसतं. मोठ्यांचंही तसंच. बरीच वर्षं बाहेर काढली की जुलाबाच्या जंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी होते.

शिवाय हॉटेलात उतरणारा पाहुणा सावध असतो. आपल्या घरी आलेला माणूस सावध नसतो, कारण हे पाणी त्याने लहानपणी प्यायलेलं असतं. म्हणूनच नातेवाइकांकडे येणाऱ्या प्रवाशांना टायफॉइड आणि कावीळ होण्याचा धोका इतर पर्यटकांपेक्षा जास्त असतो.

आई-बाबा ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी शुद्ध आहे, असं समजू नका.

आपल्या भागातलं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं

पेठ तालुक्यात पाऊस भरपूर पडतो. पण खाली बेसाल्टचा कठीण खडक आणि जमीन उताराची, त्यामुळे बरंचसं पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून गुजरातकडे वाहून जातं. जमिनीत मुरतं ते थोडं. पावसाळ्यात वाहून आलेली घाण विहिरीत उतरते. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि अनेक पाड्यांवर टँकर लागतो. म्हणून मागच्या सुट्टीत पाणी चांगलं होतं, यावरून या वेळचा अंदाज बांधू नका.

शहरात फ्लॅट असला तरी निर्धास्त राहू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात हातापायांतली ताकद जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. हा आजार क्वचित होतो, पण त्याची सुरुवात अनेकदा साध्या जुलाबांनी होते.

घर उघडल्यावर पहिले दोन दिवस

शक्य असेल तर घराकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडून ही कामं तुम्ही येण्याच्या दोन दिवस आधी करून घ्या. ते जमलं नाही, तर टाकी साफ होईपर्यंत तोंडात जाणारं सगळं पाणी बाहेरचं किंवा उकळलेलं वापरा.

१. टाकीतलं जुनं पाणी पूर्ण सोडून द्या. त्याने स्वयंपाक करू नका आणि भांडीही धुऊ नका.

२. टाकीच्या भिंती आणि तळ ब्रशने घासा. टाकी कोरडी दिसली तरी घासाच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात.

३. टाकी पुन्हा भरून दर हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. आपल्याकडे तिलाच टीसीएल म्हणतात. पावडर आधी बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता.

४. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. म्हणजे पाइपसुद्धा साफ होतात. हे पाणी टाकीत २४ तास राहू द्या. तेवढ्या वेळात ते कशालाही वापरू नका.

५. मग सगळं पाणी विहिरीपासून आणि झाडांपासून दूर सोडा. स्वच्छ पाण्याने टाकी धुवा आणि वापरायचं पाणी भरा.

६. गिझरमधलं जुनं पाणी काढून टाका. पहिल्यांदा गरम पाणी सोडताना खिडकी उघडा आणि थोडा वेळ बाथरूमच्या बाहेर थांबा. साठून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि वाफेतून फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतो. वयस्कर माणसं आणि धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त.

७. टाकीच्या झाकणाला कडी लावा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बसवा.

दोन गोष्टी विसरू नका. टीसीएल कधीही अ‍ॅसिडमध्ये किंवा संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि जमिनीखालच्या टाकीत किंवा विहिरीत एकट्याने उतरू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, १०८ ला फोन करा.

स्वतःची विहीर असेल तर

विहिरीतलं पाणी आधी मोजावं लागतं. विहिरीची रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या. रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली, आणि त्याला ७८५ ने गुणा. येईल ते लिटर. ३ मीटर रुंद विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर होतात. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम याप्रमाणे चांगल्या प्रतीची टीसीएल साधारण ७० ग्रॅम लागेल. तिचं निवळ द्रावण विहिरीत टाकून बादलीने पाणी ढवळा आणि निदान एक तास पाणी उपसू नका. हे काम रात्री केलेलं बरं.

पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. हा सगळा हिशोब नवीन, कोरड्या पावडरचा आहे.

पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे ओटी टेस्टने कळतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ही टेस्ट करता येते, त्याला बोलवा. नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा.

पाणी कुठे आणि कशासाठी तपासायचं

डोळ्यांनी पाणी तपासता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांमध्ये पाण्याची तपासणी होते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. ती निर्जंतुक केलेली असते, घरची बाटली चालत नाही. नमुना बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा.

अहवालात भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे हे आकडे बघा:

- ई. कोलाय: १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको.
- नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.
- फ्लोराइड: १ मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं.
- टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार: ५०० पर्यंत उत्तम. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं.

गावच्या स्रोताची स्थिती ग्रामपंचायतीतही कळते. पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त.

आरओ घ्यायचा का?

तपासणीआधी नको. टीडीएस ५०० च्या आत असेल आणि नायट्रेट-फ्लोराइड ठीक असेल तर आरओची गरज नाही. तो शुद्ध पाण्याच्या कित्येक पट पाणी वाया घालवतो, आणि उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या गावात ते परवडणारं नाही. जंतू मारायला यूव्ही पुरतो, पण त्याला गाळलेलं, नितळ पाणी आणि वीज लागते. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

बंद घरातलं मशीनसुद्धा बंदच असतं. त्याच्या कँडलवर आणि कार्ट्रिजमध्ये जंतू वाढतात. आल्यावर ते बदलून घ्या.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून गार करा आणि दांड्याच्या वगराळ्याने काढा. उकळलेलं पाणी हात बुडवून काढलं तर सगळी मेहनत वाया जाते. घाईच्या वेळी मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी गाळून घ्या.

बाळ आणि गरोदर बाई घरात असेल तर

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाटलीने पावडरचं दूध देत असाल, तर तपासणी न केलेलं बोअरचं किंवा विहिरीचं पाणी त्यासाठी वापरू नका. नायट्रेट जास्त असेल तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते आणि बाळ निळसर दिसू लागतं. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं.

दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी ठरू शकते. गरोदर बाईने इथे असेपर्यंत दात घासायलाही उकळलेलंच पाणी वापरावं.

निघण्याआधी आणि परत गेल्यावर

तिकीट काढलं की तिथल्या डॉक्टरांना हेपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसीबद्दल विचारा. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी लस घेतलेली चांगली.

टायफॉइडची लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. हेपॅटायटिस ए ला दोन ते सात आठवडे लागू शकतात. म्हणजे संसर्ग इथे होतो आणि आजार तिथे गेल्यावर कळतो. परतल्यावर ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा हातापायांतली ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही भारतात गावी राहून आलात. हे कळलं नाही तर योग्य तपासण्या करायला उशीर होतो.

जुलाब सुरू झाले तर

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर सुरक्षित पाण्यात पूर्ण रिकामं करा आणि घोट घोट प्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवा. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी मध्येच बंद करू नका. मुलांना जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका आणि बॅगेतली अँटिबायोटिक्स स्वतःहून सुरू करू नका.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा:

- शौचातून रक्त पडणं
- पोटात काहीच न टिकणं
- सहा तासांत लघवी न होणं
- मूल मलूल होणं किंवा डोळे खोल जाणं
- जास्त ताप
- डोळे किंवा लघवी पिवळी होणं

सुरुवातीला सांगितलेलं कुटुंब ओआरएसवरच चार दिवसांत बरं झालं. परत जाताना त्यांनी टाकी रिकामी केली, झाकणाला कडी लावली आणि तिची किल्ली आजोबांकडे ठेवली. आता ते यायच्या दोन दिवस आधी फोन करतात आणि आजोबा टाकी धुऊन ठेवतात.