भेंड्यांचा खेळ आणि कारखान्यांची नगरी

चार मित्र जमले, बाहेर पाऊस लागला, की कोणीतरी म्हणतोच, "चला, भेंड्या खेळू!" दोन पक्ष पडतात; एकाने म्हटलेल्या पद्याच्या अखेरच्या अक्षराने दुसऱ्याने आरंभ करावयाचा; जो अडेल त्याच्यावर भेंडी चढते. असला पोरखेळ इतिहासाच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, दप्तरे राजांचे व्यवहार सांगतात. लोकांच्या तोंडी काय होते, ते भेंड्याच सांगतात.

या खेळाचे कूळ मोठे आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिकेच्या जोडीने 'प्रतिमाला' येते, आणि 'जयमंगला' टीकेत यशोधराने तिचा अर्थ अंत्याक्षरी असाच केला आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त कोड्यांचे सोळा प्रकार वर्णिले आणि क्रीडागोष्ठीतील विनोद हा त्यांचा एक उपयोग मानला. शब्दांची थट्टा पंडितांनाही वर्ज्य नव्हती!

महाराष्ट्रात ही लढाई श्लोक-आर्यांच्या दारूगोळ्यावर चाले. समर्थांचे 205 मनाचे श्लोक ज्याला पाठ, त्याला 'म' आला की चिंताच नसे. त्यातही लागोपाठचे अनेक श्लोक एकाच चरणावर संपतात, पण त्यांची आरंभीची अक्षरे निरनिराळी. तेव्हा धूर्त गडी कोणत्याही अक्षरावरून पुन्हा तेच अक्षर प्रतिपक्षाच्या गळ्यात बांधी. 'ळ'ने तर मराठीत शब्दच सुरू होत नाही; मग 'ल' चालेल की नाही यावर जो कलह माजे, त्यात खेळाची निम्मी मौज असे.

आता आमच्या परिसराकडे वळू. मोरया गोसावींचे चिंचवड, शेजारी देहू आणि आळंदी. ओवी-अभंगांची येथे वाण नव्हती. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, कारखाने वाढले. 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महानगरपालिका झाली आणि उद्योगांची रांग पुढे चाकणपर्यंत पोहोचली. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, उत्तर हिंदुस्थान, दक्षिण, अशा चहूकडच्या माणसांनी वस्ती भरली. त्यांचे पाठांतर एक नव्हते. एकाचे अभंग, दुसऱ्याच्या चौपाया; भेंड्या लावाव्यात तरी कशाच्या?

हे कोडे सिनेगीताने सोडविले. 1952 पासून रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेने देशभर एकच गाणी पोहोचविली होती. 1993 मध्ये तर अंत्याक्षरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच आली. कंपनीच्या सहलीच्या बसमध्ये लातूरचा फिटर आणि बिहारचा वेल्डर एका पक्षात बसले, ते या सामाईक नाण्यामुळे.

पाठांतर बुडाले, अशी हळहळ काही वडीलधारी मंडळी करतात. ती अर्धी खरी आहे. श्लोक पुरा म्हणावा लागे. गाण्याचा मुखडाच भागवितो. पण श्लोकांच्या भेंड्यांत ज्याला पाठशाळा लाभली नाही तो मुकाट बसून राही, हेही विसरता येत नाही. आज तसाच मुकाट बसतो तो केवळ मराठी जाणणारा आजोबा किंवा नुकताच गावाकडून आलेला मुलगा. म्हणून आमची सूचना एवढीच: बसमध्ये एक डाव गाण्यांचा व्हावा, आणि एक ज्याच्या-त्याच्या गावच्या ओव्यांचा, अभंगांचा, चौपायांचा. अर्थ शेजाऱ्याने विचारावा, म्हणणाऱ्याने सांगावा. त्यात भेंडी कोणावर चढेल ती चढो. शेजारी तर ओळखीचा होईल.