बिऱ्हाडापासून वास्तुशांतीपर्यंत

मुंबईतील मराठी कुटुंबाच्या पहिल्या घराचा इतिहास हा बराच काळ भाड्याच्या खोलीचाच इतिहास होता. मालकीच्या घरात प्रवेश करण्याचा जो सोहळा आज परंपरागत वाटतो, तो या शहरातील सामान्य माणसाच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीचा पाया घातल्यानंतर कोकणातून आणि घाटावरून येणारा कामगार बहुधा एकटाच येई, गाववाल्यांच्या गाळ्यात, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत, पथारीपुरती जागा मिळवी आणि खाणावळीत जेवी. घर बांधायचे ते गावी आणि वास्तुशांत करायची तीही गावीच, असा त्याचा हिशेब असे.

१८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका उघड केल्यावर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९२० नंतर विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभारल्या. त्यांतील सुमारे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत बायकामुलांसह बिऱ्हाड थाटणे हे पुढे हजारो कुटुंबांचे पहिले घर ठरले. हातगाडीवरून ट्रंक, वळकट्या, पाण्याचा हंडा आणि स्टोव्ह आला, देवांसाठी फळी ठोकली, दूध उतू घालवले, की प्रवेश झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठवली, तेव्हा खोली सहजासहजी कोणी सोडेना, आणि जागा मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त द्यावी लागणारी एकरकमी रक्कम, म्हणजे पागडी, कायद्याने निषिद्ध असूनही रूढ झाली. तिला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या नव्या अधिनियमाने.

मालकीची वाट सहकाराने उघडली. गावदेवीत १९१५ मध्ये रावबहादूर तलमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इमारत संस्थेची आणि सभासद हे तिचे भागधारक व भाडेकरू, अशी तिची रचना होती. फ्लॅट विकत देणारे बांधकाम व्यावसायिक वाढल्यावर १९६३ चा मालकी सदनिका कायदा आला. ठरावीक मर्यादेपलीकडे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार करणे, सदनिकाधारकांची संस्था स्थापणे आणि तिला जमिनीसह इमारतीचे हस्तांतरण करून देणे ही बंधने त्याने विकासकावर घातली. अखेरचे बंधन किती इमारतींत पाळलेच गेले नाही, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही.

धर्मविधीपुढे मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वर्णिलेले चौसष्ट किंवा एक्याऐंशी पदांचे, म्हणजे चौकोनी भागांचे, वास्तुमंडल जमिनीवरच्या घरासाठी कल्पिलेले आहे आणि महाराष्ट्रातील प्रथेनुसार वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून पुरायची असते. सहाव्या मजल्यावर खाली जमीन नसून शेजाऱ्याचे छत असते. पुरोहितांनी यावर तोडगा काढला तो व्यवहारी होता: आग्नेयेकडील एखादी फरशी काढून तिच्याखाली प्रतिमा बसवायची, आणि तेही जमत नसेल तर कोपऱ्यात सुरक्षित ठेवायची. मुहूर्ताचाही असाच मेळ घालावा लागला. ताबा मिळण्याची तारीख विकासक आणि महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास परवानगी देणारा दाखला, यांवर अवलंबून असते, तर चातुर्मासात वास्तुशांत टाळण्याकडे कल असतो. म्हणून नुसता कलश मांडून प्रवेश करायचा आणि वास्तुशांत सवडीने करायची, अशी रीत पडली. परिणामी नळाला पाणी नाही, सुताराचे काम अर्धवट, टेम्पोतून उतरवलेले सामान खोक्यांत बंद, आणि त्यातच होमाचा धूर व पंगतीची लगबग, असा गोंधळ या सोहळ्याचा भागच झाला. शास्त्राशी तडजोड म्हणून त्याला नाक मुरडणारे आहेत. पण विधी टिकला तो या तडजोडीमुळेच.

चाळींतील भाडेकरूंपर्यंतही हा सोहळा आता पोहोचू लागला आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका दिली जाते, आणि वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना अशा घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या.